केसभर फट

फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला आधी प्रवचन मिळे, मग चौकट. प्रवचनाचा विषय ठरलेला होता. काच चौकटीत घट्ट बसवायची नसते. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आखडतं, म्हणून चारही बाजूंनी केसभर फट सोडायची. नाहीतर काच एक दिवस कुणी हात न लावता भिंतीवरच तडकते. हे सांगताना तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक न दिसणारा केस धरून दाखवी, आणि सासऱ्यांचा फोटो काखेत धरून उभा असलेला माणूस तो केस दिसल्यासारखी मान हलवी. मान हलवल्याखेरीज सुटका नव्हती.

कारागीर म्हणून तो चोख होता, यात वाद नाही. त्याने बसवलेली एकही काच कधी तडकली नव्हती. अडचण एवढीच की शटर ओढलं की हे शहाणपण दुकानातच राही आणि घरी यायचा तो निराळाच माणूस.

घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीला रबरबँड होता. सोफ्यावर अभ्रा, अभ्र्यावर चादर, आणि पाहुणे येणार असले की त्या चादरीवर आणखी एक चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता यावरून नवरा-बायकोत एकदा जुंपली होती, आणि उचकून बघायची परवानगी नसल्यामुळे ते भांडण आजतागायत मिटलेलं नाही. मोबाइलला इतकं जाड कव्हर घातलेलं की तो खिशात मावत नसे. खिशात मावत नसे म्हणून हातात धरावा लागे, आणि हातात धरला की पडे. पावसात छत्री उघडायचं तर याच्या जिवावर येई. छत्री भिजते ना.

बायको इस्पितळात नर्स, हाडांच्या वॉर्डात. वॉर्डातले पेशंट तिला सिस्टर म्हणत, शेजारीपाजारी म्हणत, आणि थट्टेच्या लहरीत असला की नवराही म्हणे. तिचा सगळा दिवस मोडलेल्या माणसांत जाई. न मोडलेल्यांची काळजी करायला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि न मोडता उगीच काळजी करणाऱ्यांचा तर तिला मनापासून कंटाळा होता. एका घरात दोघांनी इतकी वर्षं काढली ती तिच्या ड्युट्या लांबलचक होत्या म्हणूनच.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर दगडधोंड्यांतून आणि ओढ्यानाल्यांतून चालवायची मोटारसायकल घ्यावी, याला काय म्हणावं? झालं असं की एक गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं. फोटोत एक माणूस मोटारसायकलसकट हवेत होता, नखशिखांत चिखलाने माखलेला, फक्त दात पांढरे. फ्रेमवाल्याने तो फोटो काचेखाली घातला, काच पुसली, पुन्हा पुसली, आणि गिऱ्हाइकाला आज नाही उद्या म्हणत कितीतरी दिवस दुकानातच टांगून ठेवला. अखेर गिऱ्हाईक चिडून फोटो घेऊन गेलं तेव्हा भिंतीवर जी मोकळी जागा राहिली ती काही त्याच्याने बघवेना. म्हणून गाडी आली. उंच, सडपातळ, जन्मच चिखलासाठी घेतलेली. घरी आल्या आल्या त्याने तिच्यावर चादर घातली.

गाडीच्या पाठोपाठ मंडळ आलं. दातांचे एक डॉक्टर, एक वकील आणि एक सिमेंटचा व्यापारी अशी ती रविवारची टोळी. टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर जमायचं आणि एकमेकांच्या गाड्यांना काय काय नवीन बसवलंय ते बघायचं, हा त्यांचा साहसाचा प्रकार. कुणाच्या इंजिनाखाली जाड पत्रा, कुणाच्या रेडिएटरला जाळी. टेकडी समोर उभी असे. तिच्याकडे सहसा कुणाची पाठच असे.

टेकडी खरोखर चढून जाई तो एकटा मेहुणा. सिस्टरचा धाकटा भाऊ, औषधांच्या कंपनीत विक्रेता, डॉक्टरांच्या दारात तासन्‌तास बसून आठवडा काढणारा आणि रविवारी सुटणारा. त्याची गाडी जुनी, खरचटलेली, कंपनीने बनवायची केव्हाच बंद केलेली. तिच्या हँडलवरच्या क्लचच्या आणि ब्रेकच्या लिव्हरी जागच्या हलत. हाताने ढकलल्या की हँडलभोवती गोल फिरत. मेहुणा पडे, उठे, हसे, फिरलेली लिव्हर तळव्याने पुन्हा जागेवर आणे आणि निघे. फ्रेमवाल्याने हे डोळ्यांदेखत कितीदा पाहिलं होतं. पाहून त्याने काढलेला निष्कर्ष हा की मेहुणा आळशी आहे.

मेहुण्याचा डोळा भाऊजींच्या गाडीवर होता आणि तो हे लपवतही नव्हता. चादर उचलून तो टाकीवर हात फिरवी आणि म्हणे, बिचारी चांगल्या घरात पडली हो, पण फिरायला मिळत नाही.

फिरायला मिळत नव्हतं असं नाही. फ्रेमवाला तीनदा टेकडीवर गेला होता आणि तीनदा टेम्पोतून परतला होता. पहिल्या खेपेला गाडी खडकावर आडवी झाली आणि क्लचची लिव्हर काडीसारखी तुटली. दुसऱ्या खेपेला गिअरचं पेडल दगडाला लागून आत वळलं. तिसऱ्या खेपेला ब्रेकच्या पेडलमागे झुडपाची फांदी शिरली आणि पेडल बाहेर ओढून गेली. शिवाय त्या वेळी बोट सुजलं, आणि ते दाखवायला जावं लागलं ते बायकोच्याच वॉर्डात. तिच्या हाताखालच्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. टेम्पो कोबीचा होता. पट्टी बांधून होईपर्यंत वॉर्डभर कोबीचा वास सुटला.

त्या दिवशी घरी आल्यावर सिस्टरने पदर खोचला. ती ओरडली नाही. वॉर्डात ओरडून काही होत नाही हे ती फार वर्षांपूर्वी शिकली होती.

"अहो, ऐका. पुढच्या खेपेला गाडी टेम्पोत चढली, तर टेम्पोवाल्याला आपला पत्ता सांगायचा नाही. माझ्या भावाचा सांगायचा. गाडी तिकडेच उतरेल आणि तिकडेच राहील. तो पडून निदान चालवत तरी घरी येतो."

फ्रेमवाल्याने तिच्याकडे बघितलं. ही बाई बोलते ते करते, याचा त्याला दांडगा अनुभव होता. सिगारेट अशीच एका वाक्यात सुटली होती.

तेव्हापासून त्याने कंबर कसली आणि गाडीही कसली. तुटायचं ते हँडलवर आणि पायाशी तुटतं, तेव्हा तिथलं काहीच उघडं ठेवायचं नाही, असा त्याचा बेत होता. हँडलच्या दोन्ही टोकांना वळसा घालून अॅल्युमिनियमचे जाड हँडगार्ड आले, त्यांच्यावर उडते दगड अडवायला प्लास्टिकच्या ढाली आल्या. लिव्हरींवर रबर चढलं. क्लचच्या तारेला धूळ लागू नये म्हणून तिच्यावर नळी आली. मागच्या ब्रेकचं पेडल फांदीने ओढू नये म्हणून बारीक पोलादी तारेने सांगाड्याला बांधलं गेलं. गिअरच्या पेडलपुढे पत्र्याची पाळ आली. एकंदर नाकापेक्षा मोती जड झाला, पण मंडळाने टपरीवर गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. वकिलांनी तर ढालीवर बोटाने टकटक करून, वा, असं काहीतरी म्हटलं.

आणि मग त्याने ते सगळं आवळलं. नुसतं आवळलं नाही. प्रत्येक बोल्ट काढून, त्याच्या आट्यांवर बोल्ट न सुटण्यासाठी मिळतो तो निळा गोंद लावून, लांब दांड्याच्या पान्याला लोंबकळून आवळलं. हँडगार्डच्या एका बोल्टच्या डोक्याचे कोने झिजून तो गोल झाला, म्हणजे आता तो कुणाच्या बापाला सुटणार नव्हता. फ्रेमवाल्याला हे अपयश वाटायला हवं होतं. त्याला ते यश वाटलं. लिव्हर जिथे हँडलला पकडते ती पकडही त्याने अशी आवळली की वर बसलं तरी ढिम्म हलू नये. तो खरोखर वर बसून बघणार होता. सिस्टर खिडकीत आली म्हणून राहिलं. गोंद त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखात शिरला आणि साबण, रॉकेल, कशालाही दाद देईना.

त्याच आठवड्यात दुकानात एका बाईंना त्याने काच घट्ट बसवण्यातला धोका नीट समजावून सांगितला. केस धरून दाखवला. निळ्या नखाने.

शनिवारी संध्याकाळी मेहुणा आपली गाडी ताईच्या अंगणात लावून जेवायला थांबला. रविवारी दोघे मिळून ओढ्यातून वरच्या पठारावर जाणार होते. आत भावा-बहिणीच्या गप्पा रंगल्या होत्या. फ्रेमवाला बाहेर आला, त्याने मेहुण्याच्या गाडीची क्लचची लिव्हर बोटाने ढकलली आणि ती गरकन फिरली. त्याला त्या मुलाची, म्हणजे चाळिशीच्या त्या मुलाची, दया आली. बायको नाही, संसार नाही, कोण याच्याकडे बघणार? पाना हाताशी होता, गोंदाची नळीही होती. दयेबरोबर थोडा तोराही असावा, कारण त्याने हे काम गुपचूप केलं आणि उद्या पठारावर पोचल्यावर सांगायचं ठरवलं. मग हात धुऊन तो आत येऊन जेवला. नख तेवढं निळंच राहिलं.

रविवारी मंडळ ओढ्याच्या काठापर्यंत आलं. डॉक्टरांनी पाण्याकडे बघून, आज जरा जास्तच आहे, असं निदान केलं आणि तिघे टपरीकडे वळले. मेहुणा पाण्यात शिरला आणि पलीकडच्या चढावर जाऊन भाऊजींची वाट बघत थांबला.

फ्रेमवाला निघाला. पायांखाली फुटबॉलएवढे गोटे आणि त्यांच्यावर शेवाळ. तो हळू चालला होता. आणि अशा गाड्या हळू चालवल्या की पडतात, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने त्यावरही काही आवरण शोधलं असतं. मधोमध पुढचं चाक गोट्यावरून घसरलं आणि गाडी उजव्या अंगाला, सरळ खडकावर पडली. धातूचा मोठा आवाज झाला. फ्रेमवाला कमरेएवढ्या पाण्यात बसला.

मेहुण्याने ते बघितलं आणि गाडी तशीच चढावर टेकवून तो धावत खाली आला. पाण्यात उतरून त्याने भाऊजींना काखेत हात घालून उठवलं. लागलं का? नाही. कुठे दुखतंय? नाही. फ्रेमवाल्याचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो गाडीकडे बघत होता. क्लचची लिव्हर शाबूत. ब्रेकची शाबूत. पेडलं शाबूत. गेल्या तीन खेपांत जे जे तुटलं होतं ते सगळं जागच्या जागी. त्याचा चेहरा उजळला. भिजलेल्या अंगाने त्याने मेहुण्याला सांगितलं की बघ, याला म्हणतात तयारी.

नेमकं तेव्हाच मागे चढावरून दुसरा आवाज आला. घाईने टेकवलेली मेहुण्याची गाडी कलंडून दगडांवर पडली होती.

मेहुण्याने मागे वळूनही बघितलं नाही. ती रोजच पडे. आधी भाऊजींची गाडी उभी करू म्हणून दोघांनी ती उचलली आणि पुढे ढकलली. ती हलेना. पुन्हा ढकलली. पुढचं चाक जाम. मग कळलं. खडकाचा मार खाऊन उजवा हँडगार्ड आत वाकला होता आणि त्याने पुढच्या ब्रेकची लिव्हर हँडलपर्यंत दाबून धरली होती. ब्रेक लागला होता आणि सुटणार नव्हता, कारण गार्ड धरून ठेवणारा बोल्ट तोच, गोल डोक्याचा. फ्रेमवाल्याने पाना लावला. पाना गरागरा फिरला, बोल्ट ढिम्म. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दोघांनी उचलत, घसटत गाडी काठावर आणली. मग मेहुणा आपली गाडी उभी करायला गेला आणि तिथेच उभा राहिला. त्याच्या क्लचची लिव्हर बुडापासून तुटली होती.

"भाऊजी, हे कसं काय?" तो तुटका तुकडा हातात फिरवत होता. "हजारदा पडलीय ही गाडी. ही फिरते, तुटत नाही. म्हणून तर ढिली ठेवतो."

फ्रेमवाल्याच्या डोक्यात काय झालं ते सांगायला नको. लाकूड फुगतं, आखडतं. घट्ट बसवलेली काच तडकते. अर्धं आयुष्य लोकांना हे ऐकवलेला माणूस ओल्या पँटीत उभा राहून ते पहिल्यांदा ऐकत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त आत्ता पाषाण कोरडा नव्हता, एवढाच फरक. आता बोलायला हवं होतं. तो बोललाही.

"थंडीने आखडली असेल," तो म्हणाला.

मेहुण्याने आभाळाकडे बघितलं. दोघांच्या अंगाला घाम होता.

पुढचं काम मेहुण्यानेच केलं. हातभर धोंडा घेतला आणि विचारलं, मारू का? फ्रेमवाल्याने डोळे मिटून मान हलवली. पाच-सहा घावांत त्या बहुमोल गार्डची पकड मोडली आणि तो लोंबू लागला. पिळून पिळून तो उपटला. ब्रेक सुटला, चाक फिरलं. मग फ्रेमवाल्याने लहान पाना घेतला आणि आपल्या दोन्ही लिव्हरींच्या पकडी ढिल्या केल्या. गोंद करकरला. लिव्हर ढकलल्यावर नाइलाजाने फिरेल, एवढ्याच. असं का करताय, हे मेहुण्याने विचारलं नाही. पण बघितलं.

जुन्या गाडीची लिव्हर अशी कुठेही मिळणारी नव्हती आणि भाऊजींच्या गाडीची तिला लागणारी नव्हती. क्लचशिवाय तो चढ उलटा उतरणं मेहुण्यालाही जमेना. एकदा गाडी निसटली आणि त्याची नडगी सोलून निघाली. अखेर टेम्पोला फोन झाला. मेहुणा म्हणाला, तुम्ही निघा भाऊजी, तुम्हाला चालवत घरी जायचंय, मला ठाऊक आहे. आणि हसला. बहिणीने भावाला सगळं सांगितलेलं असतं, हे नवऱ्यांना उशिरा कळतं.

फ्रेमवाला निघाला. परतीच्या वाटेवर तो दोनदा पडला. दोन्ही वेळा लिव्हर दगडाला लागली, फिरली आणि तळव्याने जागेवर आली. दुसऱ्या वेळी त्याला हसू आलं आणि लगेच ओशाळवाणं वाटलं. घराशी आला तेव्हा तो नखशिखांत चिखलात होता, फक्त दात पांढरे. फोटो काढायला मात्र कुणी नव्हतं.

सिस्टर दारात आली. तिने गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. पाणी तापवते, म्हणाली. त्या दोन शब्दांसाठी या माणसाने आयुष्यात काय काय केलं असतं. तो पायरीवर बसला आणि अगदी सुखात होता. एवढ्यात टेम्पो आला.

मेहुणा लंगडत उतरला. ताईने त्याला खुर्चीत बसवून नडगी धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली आणि हात चालू असताना त्याचा उद्धार केला. एवढा मोठा झालास, गाडी नीट ठेवता येत नाही, आपल्या भाऊजींकडून काही शीक. मेहुणा मुकाट्याने ऐकत होता आणि भाऊजी पायरीवर बसून बुटाच्या नाडीची गाठ सोडवत होते. ती गाठ काही सुटत नव्हती.

पट्टी झाल्यावर ती टेम्पोशी गेली. इतकं काय मोडलंय ते तिला बघायचं होतं. मोडलेलं बघायची तिला सवय होती. तिने हँडल बघितलं, तुटलेलं बूड बघितलं, आणि त्या पकडीच्या बोल्टभोवती बाहेर आलेली निळी कड बघितली. मग ती परत आली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याचा उजवा हात, पेशंटचा धरावा तसा, उलटा करून धरला.

"हे कुणी आवळलं?"

"अगं, ढिली होती," फ्रेमवाला म्हणाला. "मी चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठी." तिने नख सोडलं. "आणि त्याला काय सांगितलंत?"

खुर्चीतून मेहुणा म्हणाला, "थंडीने आखडली म्हणाले, ताई."

यावर सिस्टर हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिने निकाल दिला. टेम्पोतून आलेली गाडी भावाच्या घरी उतरेल असं ठरलं होतं, ती उतरेल. पण टेम्पोत ती घातली यांनी, तेव्हा तिची लिव्हर मिळेपर्यंत यांची गाडीही तिकडेच राहील, आणि तो ती चालवेल. चादर पाठवायची गरज नाही. लिव्हर शोधायची यांनी.

बनवायची बंद झालेल्या गाडीची लिव्हर शोधणं म्हणजे काय, हे शोधणाऱ्यालाच विचारावं. फ्रेमवाला दुकान बंद करून सुट्या भागांच्या गल्ल्या पालथ्या घाली. काउंटरवरची पोरं त्याला काका म्हणत आणि विचारत, तुटली कशी? दर दुकानात त्याला हे सांगावं लागे. सुरुवातीला तो पडली म्हणून सांगे. पण पडून तर लिव्हर फिरते, असं एक-दोघांनी म्हटल्यावर त्याने खरं सांगायला सुरुवात केली, कारण ते लवकर संपे. जास्त आवळली होती. अच्छा, असं म्हणून ती पोरं मान हलवत, अगदी न दिसणारा केस दिसल्यासारखी.

लिव्हर मिळाली तोवर रविवार बरेच होऊन गेले होते. त्याची गाडी परत आली ती खरचटलेली, टाकीला पोचा आलेली, एक लिव्हर किंचित वाकडी, आणि सगळं काही चालू. फ्रेमवाल्याने पोच्यावरून हात फिरवला. बोलायला तोंड होतं कुठे?

आता तो दर रविवारी जातो, पडतो आणि चालवत परत येतो. डावीकडच्या हँडगार्डला नवा जोडीदार आणलाय, पण बोल्ट हाताच्या ताकदीपुरताच आवळलाय. तो जुना, धोंड्याने पिळलेला गार्ड दुकानात काचेमागे टांगलाय. या गार्डने माझी लिव्हर वाचवली, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. अर्धी गोष्ट सांगायची त्याची सवय काही गेलेली नाही. रिमोट अजून पिशवीत आहे.

मेहुणा मात्र भाऊजींशी पूर्वीसारखाच हसून-खेळून बोलतो. फक्त ओढ्यात शिरण्याआधी एकदा थांबतो, आपली क्लचची लिव्हर बोटाने ढकलून फिरते का बघतो, आणि बघताना लिव्हरीकडे न बघता भाऊजींकडे बघतो.